चौसष्ट वळणं आणि एक झाकण

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (या वेळचा नमस्कार अगदी खराखुरा आहे. हे पत्र मी बाकावर आडवं पडून लिहितो आहे, त्यामुळे आठही अंगं आपोआपच टेकलेली आहेत.) तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला? की अजूनही डॉक्टरांकडे जाऊन ते डॉक्टरांनाच पथ्य सांगून येतात? आमच्याकडे सगळं ठीक. तुझी भावजय मजेत आहे. ती चालत्या बसमध्ये स्वेटर विणते, तोही वळणावर, आणि वर मला टाके मोजायला सांगते. माणसाने इतकं निर्दय असू नये. कागद बघून दचकू नकोस, पडद्याच्या दुकानातले मापाचे फॉर्म आहेत, खिशात तेवढेच होते. मागच्या बाजूला कुणाच्या तरी दिवाणखान्याच्या पाच खिडक्या आहेत, तिकडे लक्ष देऊ नकोस.

आता मुद्द्याचं. उद्या सकाळी अकराला तुझा निरोप समारंभ. चौतीस वर्षं एका शाळेत काढलीस, त्यातली नऊ मुख्याध्यापिका म्हणून, आणि पहिल्या रांगेत भावोजींच्या शेजारची खुर्ची माझ्यासाठी राखून ठेवलीस. गेल्या पत्रात तू लिहिलं होतंस की या वेळी आला नाहीस तर मला भाऊ आहे हे मी विसरून जाईन. ताई, ते वाक्य वाचून मी दोन दिवस नीट जेवलो नाही. (तुझी भावजय म्हणेल तीन वेळा वाढून घेतलं होतं. पण लक्ष नव्हतं.) मला यायचं आहे, फार यायचं आहे. तरीही उद्या ती खुर्ची रिकामी राहील अशी चिन्हं दिसताहेत, आणि निदान या वेळी तरी मी खोटं कारण देणार नाही. खरं कारण एवढंच की मला गाडी लागते.

लहानपणी लागायची हे तू जाणतेसच. मोठेपणी जातं हो हे, असं सगळे सांगायचे. माझं गेलं नाही. मी मोठा झालो तसं तेही माझ्याबरोबर मोठं झालं आणि आता त्रेपन्न वर्षांचं आहे. तुझं मात्र लग्नानंतर साफ बरं झालं, हे तूच कळवलं होतंस, आणि ते वाचून मला आनंद झाला होता. (थोडा राग आला होता. पण आनंदच जास्त.) खालचा पूल होता तोवर सपाट रस्त्याने दिवसभराचा वळसा घालून का होईना मी येत होतो. सहा वर्षांपूर्वी पूल बंद झाला आणि उरला तो डोंगरातला रस्ता. त्याला चौसष्ट वळणं आहेत. मोजली कुणी विचारू नकोस.

तेव्हा आता कबुलीच देतो. तुझ्या घराच्या वास्तूला मी आलो नाही, कारण आमच्या दुकानाचे मालक वारले असं कळवलं होतं. मालक वारले नव्हते. तू त्यांच्या घरच्यांच्या नावाने दुकानाच्या पत्त्यावर दोन पानी सांत्वनाचं पत्र धाडलंस आणि ते टपालातून मालकांनीच फोडलं. त्यांनी ते तीनदा वाचलं. आपल्याबद्दल जिवंतपणी कुणी एवढं चांगलं बोललं नाही म्हणाले, डोळे पुसले आणि पत्र गल्ल्याच्या खणात जपून ठेवलं. आजही गिऱ्हाइकाने कुरबुर केली की ते उघडून वाचतात. पुढे भाचीच्या लग्नाला मला काही सुचेना तेव्हा मी घाईत मालकांना परत मारलं, त्यावर तुझं एका ओळीचं पत्र आलं की मालक पुन्हा गेले का. त्या दिवशी मला दुकानातल्या पडद्यात गुंडाळून घ्यावंसं वाटलं. तुझ्या पोटाच्या ऑपरेशनच्या वेळी मला ताप आला होता म्हणालो, तोही नव्हता. त्या वेळी मात्र मी खरंच निघालो होतो. पाचव्या वळणाला उतरलो आणि चालत घरी आलो. त्या रात्री मला स्वतःची फार लाज वाटली, ती अजून गेलेली नाही.

तुला वाटेल डोंगराचंच काय ते असेल. नाही गं. दुकानात मी रोज पाऊण तास चालत जातो, तब्येतीसाठी म्हणून. लोक कौतुक करतात आणि मी ते घेतो. दुकान असलेल्या इमारतीला लिफ्ट आहे, तिसऱ्या मजल्यापर्यंत मला तीही लागते. पण पडद्यांचं माप घ्यायला गिऱ्हाइकाकडे मालकांच्या गाडीतून जावंच लागतं, आणि मालक गाडी चालवताना मागे वळून बोलतात. मागच्या महिन्यात एका दंतवैद्यांच्या बंगल्यावर पोचेपर्यंत माझा रंग हिरवा झाला होता. दंतवैद्यांनी मला माप घेणारा न समजता रुग्ण समजून सरळ खुर्चीत बसवलं, आणि ती खुर्ची ताई, पायाने दाबली की मागे कलते. पुढचं लिहीत नाही. सावरल्यावर मी खिडक्यांची मापं घेतली खरी, पण मला त्या दोन दोन दिसत होत्या आणि मी प्रामाणिकपणे मधलं माप लिहिलं. पडदे गुडघ्यापर्यंत आले. दंतवैद्यांच्या बाई म्हणाल्या, पडद्यांनी चड्डी घातल्यासारखं दिसतंय. मालकांनी त्या दिवशी तुझं पत्र दोनदा वाचलं.

उपायांबद्दल तर बोलूच नकोस. या जगात कुणी कुणाला फुकट पाणी देणार नाही, पण मळमळतंय म्हणा, चारचौघं धावून येतात. लिंबू हुंगा, आलं चघळा, मनगट दाबा, पोटावर वर्तमानपत्र बांधा. मी एकदा हे सगळं एकदमच केलं. लिंबू नाकाशी, आलं दाढेत, उजव्या हाताने डावं मनगट दाबलेलं आणि सदऱ्याच्या आत कालची पुरवणी. शेजारच्या गृहस्थांनी माझ्या पोटावरची बातमी अर्धी वाचून होताच पान उलटायची विनंती केली. दोन थांब्यांनंतर ती पुरवणी मला वेगळ्याच कामाला घ्यावी लागली आणि त्यांची बातमी अर्धीच राहिली. त्यांचा चेहरा आठवला की अजून वाईट वाटतं.

लागू पडला असा उपाय आयुष्यात एकच, आणि तो बाबांचा. आठवतं ना? बाबा तीस वर्षं बस चालवत होते आणि त्यांच्याच दोन पोरांना बस लागायची. कंडक्टरकाका सगळ्या बसला ऐकू जाईल असं विचारायचे, काय हो ड्रायव्हरसाहेब, घरच्यांचाच तुमच्यावर भरवसा नाही? बाबा आरशातून आपल्याकडे बघायचे, रागावून नाही, खट्टू होऊन. मग एक दिवस त्यांनी आईच्या मोठ्या पातेल्याचं झाकण उचलून आणलं, आपल्याला पुढच्या सीटवर बसवलं आणि म्हणाले, ड्रायव्हरला कधी गाडी लागत नाही, कारण वळण येणार हे त्याला आधी कळतं आणि बाकीच्यांना नंतर. आता तुम्हीच चालवा. त्यावरून आपण इतके भांडलो की बसला उशीर झाला. शेवटी बाबांनी वाटणी केली. थोरली म्हणून झाकण तुझं, आणि हॉर्न माझा. तू समोर बघून झाकण वळवायचीस, मी वळणाआधी पों करायचो, आणि आपण शेवटच्या थांब्यापर्यंत चक्क हसत गेलो. उतरताना बाबांनी कंडक्टरकाकांकडे ज्या तोऱ्यात पाहिलं, तसं त्यांनी नंतर कुणाकडेच पाहिलं नाही.

लग्न होऊन जाताना ते झाकण तू ट्रंकेत घालून नेलंस. आई पुढे कितीतरी वर्षं त्या पातेल्यावर परात ठेवायची. मी कधी बोललो नाही, आता बोलतो. माझ्या वाट्याला नुसता हॉर्न राहिला. एकदा शहरातल्या बसमध्ये मी हळूच, तोंडातल्या तोंडात, वळणाआधी पों करून पाहिलं. शेजारच्या बाई उठून उभ्या राहिल्या, पुढच्या वळणाला मागचे दोघेही उठले, आणि मला झोपायला अख्खी सीट मिळाली. मळमळ मात्र थांबली नाही.

तर असं आहे. तुला मी दोष देत नाही. तूही तीनदा माझ्याकडे यायला निघालीस आणि तिन्ही वेळा ऐन वेळी शाळेची तपासणी निघाली. जबाबदारीचं पद म्हटलं की हे आलंच. उद्या भाषण छान कर, रडू नकोस, आणि रडलीस तर भावोजींचा रुमाल घे, त्यांच्याकडे नेहमी दोन असतात. रिकाम्या खुर्चीवर तुझी पर्स ठेव म्हणजे उठून दिसणार नाही. भावोजींना नमस्कार, भाचीला आशीर्वाद, आणि तुला काय लिहू, ते वर लिहिलंच आहे.

तुझा, लाजेने आणि पित्ताने पिवळा झालेला,
धाकटा

ता. क. हे पत्र आजच तुझ्या हाती कसं पडलं असं तुला वाटेल. मी घरी नाही. सकाळच्या बसने निघालो होतो. बत्तिसाव्या वळणापर्यंत टिकलो, म्हणजे बरोब्बर अर्धी वाट. आता डोंगरमाथ्यावरच्या चहावाल्याच्या दुकानातल्या बाकावर पडून आहे. बस पुढे गेली आणि फोनसुद्धा पिशवीबरोबर बसमध्येच गेला. पिशवी तुमच्या थांब्यावर उतरवून ठेवतो असं कंडक्टर म्हणाला होता, ती घे. त्यात तुझ्यासाठी पडदे आहेत. मापाची खात्री देत नाही. पत्र बाराच्या बसच्या ड्रायव्हरबरोबर देतो आहे.

ता. क. २. बस यायला वेळ होता म्हणून चहावाल्यांशी बोलत बसलो. ते म्हणाले, मनाला लावून घेऊ नका, या बाकावर पलीकडच्या बाजूच्या एक बाईही येतात. चांगल्या शिकलेल्या, करारी दिसतात, पदराखाली पातेल्याचं झाकण असतं. उतरतात, घोटभर चहा घेतात, तुमच्या गावाकडे जाणारी बस सुटताना बघत राहतात आणि उलट्या बसने परत जातात. मी विचारलं, किती वेळा आल्या? म्हणाले, तीन वेळा. मुख्याध्यापिकाबाई, तुमची तपासणी या बाकावर चालते होय! मी पंधरा मिनिटं हसलो, आणि मग नुसता हसत नव्हतो.

ता. क. ३. तिकडून वर येणारी चारची बस आहे, असं ड्रायव्हर म्हणतो. तू एकटी असलीस तरी इथपर्यंत झाकणावर पोचतेस, हे आता सिद्धच झालं आहे. ये. सहाच्या बसने दोघं मिळून खाली तुझ्या गावी जाऊ, पुढची सीट धरायला सांगून ठेवली आहे. झाकण विसरू नकोस. हॉर्न माझ्याकडे आहे.