रेषेवरचा चेंडू

ठमाबाई,

आज टेनिसच्या फायनलला तुला मावशी सोडेल, नऊला तयार राहा. दोन्ही रॅकेटना नवी ग्रिप गुंडाळून ठेवली आहे, पाण्याच्या बाटल्या फ्रीजमध्ये आहेत. केळं खाऊन जा. "भूक नाही" हे नाटक मावशीपुढे चालणार नाही.

मी येत नाहीये. रागावलोय, पण तुझ्यावर नाही.

कालचा तो शेवटचा पॉइंट. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, हे तुम्ही खेळणाऱ्या मुलींनीच सांगायचं आणि आम्ही आईबापांनी मूग गिळून बसायचं, असा नियम आहे. पण तू माझ्याकडे पाहिलंस, आणि मी डोळ्यांनीच "बाहेर" म्हटलं. तू "बाहेर" म्हणून बोट वर केलंस, मॅच आपली झाली. समोरची मुलगी तुझ्याशी हात मिळवून गेली.

चेंडू रेषेवर पडला होता, मला स्वच्छ दिसला. वर घरी येताना तुला आईस्क्रीम घेऊन दिलं. ते तू अर्धं टाकलंस, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

मी त्या मुलीच्या घरी चाललोय. निकाल आता बदलत नाही, पण तिच्यासमोर जाऊन सांगायला हवं. बोलणी खायची ती मी खाईन.

आज माझ्या खुर्चीकडे बघू नकोस. तुझी नजर माझ्याहून चांगली आहे. चेंडू कुठे पडला ते काल तुलाही दिसलं होतं. "बाबा, खोटं बोलू का?" एवढंच तू विचारत होतीस, आणि मी हो म्हणालो.

बाबा