मुळासकट

३ तारीख, सोमवार
नोकरी झकास मिळाली. दातांच्या दवाखान्यामागे माझी कामाची खोली: एक खिडकी, एक नळ, आणि टेबलभर लोकांचे प्लॅस्टरचे जबडे. मी कवळ्या करणार. डॉक्टरबाई हसऱ्या आहेत. खोकल्या-तापाची साथ येऊन गेली, तेव्हापासून निम्म्या गावाचं तोंड आलंय, चव गेलीय, दात हलतायत. काम तुंबलंय. त्यांचं वाईट, माझं बरं. असं लिहू नये, पण लिहिलं. रविवारी बायको आणि लेक येतील.

६ तारीख, गुरुवार
तोंडातून माप काढलं की ते आधी औषधात बुडवायचं, मग माझ्याकडे द्यायचं. घाईत मापं लाळेसकट तशीच येतात. प्लॅस्टर ओतल्यावर बुडबुडे राहू नयेत म्हणून आम्ही कारागीर तोंडानेच फुंकर मारतो. सगळे असंच शिकलो. मास्क लावून फुंकर कशी मारणार?

८ तारीख, शनिवार
अंगात कणकण, कोरडा खोकला. चहा नुसतं गरम पाणी लागला. बायकोने फोनवर विचारलं, तब्येत बरी आहे ना, नाहीतर आठवडाभर थांबतो. लेकीची छाती नाजूक. मी ठणठणीत आहे म्हणालो. लेकीला पाहून अडीच महिने झाले होते.

११ तारीख, मंगळवार
दोघी आल्यापासून घर भरलंय. लेक माझ्याच ताटात जेवते, माझ्याच पेल्यातून पाणी पिते. ताप उतरला. उगाच घाबरलो होतो.

१५ तारीख, शनिवार
हिरड्यांवर फोड. सकाळी खालचा दात ब्रशबरोबर बाहेर आला. रक्तसुद्धा नाही. बायकोला म्हटलं, जुनी कीड. डॉक्टरबाईंनी तोंड पाहिलं आणि विचारलं, घरी कोण कोण असतं? मी म्हणालो, कोणी नाही.

१७ तारीख, सोमवार
लेकीचा पुढचा दात पडला. नाचत दाखवायला आली. बायको म्हणाली, सहाव्या वर्षी पडायचेच, मोठी होतेय. मी हसलो, तोंड मिटून.

१८ तारीख
लेकीचे आणखी चार. दुधाच्या दाताला पडताना मूळ उरत नाही. यांना आहे — लांब, अख्खं —
माझे दात मोजणं सोडलंय.

२० तारीख
बायको खोकतेय. आज खरं सांगणार. दुपारी आडवी झालीय, उठली की सांगतो. मीच आणलं घरात, म्हणून —

लेक आलीय. मूठ घट्ट. बोळक्या तोंडाने हसतेय. म्हणते, "बाबा, आईपण मोठी व्हायला लागली."

मूठ उघडली. चांदी भरलेली दाढ, दोन सुळे, आणि —