व्हर्नन कोपेकीची मॅट

लिहून ठेवतो मी, व्हर्नन कोपेकी, राहणार सीडर फोर्क, आयोवा, उभी हयात इथल्या हायस्कुलात कुस्तीचा कोच. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी कर्तव्य नसावे. कोणाच्याही दडपणाखाली न येता, स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, मी माझ्या मालमत्तेची व्यवस्था खालीलप्रमाणे करीत आहे. आधीची मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. घर, मक्याचे शेत आणि बँकेतील शिल्लक पत्नी आर्लीन हिला. कुस्तीचा मोसम हिवाळ्यात, म्हणून दर हिवाळ्यात तिला नवरा नसे. शनिवारी स्पर्धा असली की शाळेच्या दाराशी टेबल मांडून ती कोलाचे, म्हणजे आमच्याकडचे फळांचे सारण भरलेले गोड पाव, विकायची आणि माझ्यापेक्षा मोठ्याने पंचाला शिव्या द्यायची.

२. पिकअप ट्रक मुलगा डग याला. डग कुस्ती सोडून बास्केटबॉल खेळला. मी त्याला माफ केले आहे, हे येथे लेखी नमूद करतो.

३. बास्केटबॉलच्या कोचला माझा बंद पडलेला हीटर. उबदार हॉल नेहमी त्याला आणि गारठलेली खोली आम्हाला, हे मी मेल्यावरही विसरणार नाही.

४. वजनकाटा शाळेला. अट एकच: खालच्या वजनगटात बसवण्यासाठी कोणत्याही पोराला उपाशी ठेवायचे नाही. जेवलेला पोरगा चांगला लढतो.

५. आता मुद्द्याचे. सरावखोलीतली मोठी मॅट शाळेची आहे असा साऱ्या गावाचा समज आहे. ती माझी आहे. विद्यापीठाने जुनी म्हणून काढली तेव्हा मी दोन कालवडी विकून ती आणली. ही मॅट मी जोलीन वावरा हिला देतो.

जोलीन आमच्याकडे आली तेव्हा सगळ्यात हलक्या वजनगटात आमच्याकडे कोणीच नव्हते. गट रिकामा राहिला की समोरच्या संघाला सहा गुण फुकट मिळतात, आणि ते आम्ही प्रत्येक सामन्यात वाटत होतो. ती म्हणाली, "कोच, मी आहे ना." मी तिला उभी केली. पण शेजारच्या गावाचा कोच पडला हट्टी. मुलीशी माझा पोरगा लढणार नाही म्हणाला आणि आपलाच गट रिकामा सोडला. ते सहा गुण आम्हाला मिळाले आणि तेवढ्यानेच तो अख्खा सामना हरला. आम्ही नाचलो. जोलीन मात्र कपडे बदलायच्या खोलीत रडत बसली होती. "न लढता कसलं जिंकणं, कोच? तो माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता!"

पुढे विभागीय स्पर्धेत तोच पोरगा, कर्ट टियाडेन, तिच्या वाट्याला आला. इथे माघार घेतली तर राज्य स्पर्धेची वाटच बंद, म्हणून त्याला मॅटवर यावे लागले. जोलीनने त्याची मान आणि गुडघा एकाच कवेत आवळला आणि त्याला चीत केले. प्रेक्षकांचा तसा आवाज त्या हॉलमध्ये मी पुन्हा ऐकला नाही.

गेली कित्येक वर्षे ती माझी सहायक आहे. मी आता निवृत्त झालो. माझ्या जागेवर तिला नेमायचे की नाही, हे शाळा मंडळ उद्या ठरवणार आहे. दोन्ही गावांची शाळा आता एकच, आणि मंडळाचा अध्यक्ष कोण? कर्ट टियाडेन. तो डूख धरून असणार. म्हणून लिहितो: जोलीनला नेमले नाही, तर माझी मॅट गुंडाळून तिच्या गोठ्यात नेऊन अंथरावी. पोरे आपोआप तिकडे जातील.

६. माझा अंत्यविधी सरावाच्या वेळेत ठेवू नये. सराव होईल.

पुरवणी. वरचा मजकूर सोमवारी लिहिला, आज बुधवार. काल आर्लीन सभेला गेली होती, ती धापा टाकत घरी आली. "व्हर्न, मतं अर्धी अर्धी पडली! एक जण विचारतो, पोरांना कुस्ती बाई काय शिकवणार? तर कर्ट उठला. म्हणाला, 'मी शिकलोय तिच्याकडून. सगळ्या गावादेखत, पाठीवर पडून. माझं मत तिला.' लोक हसून हसून बेजार!"

कर्टबद्दल मी लिहिले ते मागे घेतो. जोलीन कोच झाली, मला याहून मोठा विजय ठाऊक नाही. मॅट तिचीच, पण आता ती हलवू नये. जिथे आहे तिथेच राहू द्यावी.

आज सकाळी मी जोलीनला फोन केला आणि म्हटले, सोमवारी येऊन जरा कोपऱ्यात बसतो, पोरांना दोन गोष्टी सांगतो.

"या की," ती म्हणाली. "पण बूट दाराबाहेर काढायचे, आणि मी विचारल्याशिवाय बोलायचं नाही. कळलं?"

कळले, कोच.

वरील सर्व मी वाचून, समजून, हसत सही करीत आहे.

व्हर्नन कोपेकी
माजी कोच

आमच्यासमोर सही झाली:
१. लॉइस ब्लाझेक, शेजारीण
२. गॅरी स्टुल्ट्झ, पोस्टमन

स्थळ: सीडर फोर्क, आयोवा
दिनांक: १५ मार्च २०२३