सेराफीन काकूंच्या पिंपावरची चांदणी

स्त्रोबांत ब्रुअरी, सेन नदीचं खोरं
फेब्रुवारीअखेर

ती. इर्मा आत्या (मठात सिस्टर वालबुर्गा) यांस,

तुमच्या भाचेजावयाचा, ओडिलोनचा, गुडघे टेकून नमस्कार. (गुडघे खरोखरच टेकले आहेत, कारण पेनाचं टोपण टेबलाखाली गेलं आहे.) तुमची कंबर आता बरी असेल, मदर सुपीरियर यांचा खोकला निवळला असेल आणि गेल्या वेळचं चीज आख्ख्या मठाला वास न लावता पोचलं असेल, अशी आशा करतो. इकडे सर्व क्षेम. तुमची भाची गोदेलिव्ह मजेत, कोंबड्या मजेत, आणि तुमचे धाकटे बंधू, म्हणजे माझे सासरे फिर्मिन, तेही विचारलं तर मजेतच आहेत असं सांगतात. पत्रास कारण काहीही नाही. हे आधीच सांगतो, नाहीतर तुम्ही चष्मा लावून ओळीओळीत कारण शोधत बसाल. तुमची ती सवय घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

नाताळात सासऱ्यांना ताप आला होता. तुम्हाला कळवलं नाही, कारण त्यांनीच कळवू दिलं नाही. म्हणे स्त्रोबांतांच्या घरात ताप येत नाही, फार तर अंग गरम होतं. तर अंग चांगलं आठवडाभर गरम होतं. मग ते निवलं, सासरे उठले, दाढी केली, माझ्यावर दोनदा ओरडले, आणि आम्ही समजलो की माणूस बरा झाला. पुढे एकदा गोदेलिव्ह चुलीवर चिकोरीची भाजी ठेवून शेजारणीशी दोन शब्द बोलायला गेली. (तिचे दोन शब्द तुम्हाला माहीत आहेत.) भाजी जळली, भाजी संपल्यावर पातेलं जळू लागलं, मी अंगणापलीकडून वास घेत धावत आलो, तर सासरे चुलीशेजारी पाय पसरून पेपर वाचताहेत. मान वर न करता मला म्हणाले, "काय जावईबापू, आज स्वयंपाकाला सुट्टी वाटतं?" मला वाटलं, टोमणा आहे. इतकी वर्षं या घरात काढल्यावर मला त्यांचं "सुप्रभात"सुद्धा टोमणाच वाटतं, त्यामुळे मी काही मनावर घेतलं नाही.

मग आला मिश्रणाचा हंगाम. वर्षाची कोवळी लँबिक बिअर, दोन वर्षांची समजूतदार आणि तीन वर्षांची खडूस, या तिघी नीट मिसळल्या की बाटलीत आपली ग्यूझ तयार होते, हे मी तुम्हाला सांगायला नको. तुम्ही त्याच तळघरात चालायला शिकलात. पण घरचा नियम सांगतो, कारण सगळा घोळ त्या नियमाने केला आहे. कोणत्या पिंपातली घ्यायची हे घरातला सर्वांत वडील माणूस चाखून ठरवणार. तो बोलेपर्यंत बाकीच्यांनी घोट तोंडात धरून समोरच्या भिंतीकडे बघायचं. भुवई हलवायची नाही, खाकरायचं नाही. वडील "चांगली" म्हणाले की पिंपावर खडूने चांदणी काढायची, आणि मग सगळ्यांनी गिळून मान डोलवायची. असा आमचा कारभार चालला होता. बेनोनी आजोबा झाले, मग थोरल्या ऑर्टान्स झाल्या, आणि आम्ही सेराफीन काकूंपाशी आलो. (पिंपाला घरातल्या गेलेल्या माणसाचं नाव द्यायची तुमच्या घराण्याची ही रीत मला अजून पचलेली नाही. परवा पोस्टमनसमोर मी गोदेलिव्हला ओरडून सांगितलं की ऑर्टान्सला खालून पाझर फुटलाय. तेव्हापासून तो फाटकातूनच पत्रं टाकतो.)

आत्या, सेराफीन काकू बिघडल्या आहेत. लँबिक आंबटच असते हे कबूल, पण आंबटपणालाही काही मर्यादा असते. हे शुद्ध व्हिनेगर होतं. घोट तोंडात धरला आणि माझ्या कानातून वाफा निघाल्या. गोदेलिव्हने एका हाताने भिंत धरली. सासऱ्यांनी मात्र ग्लास उजेडात फिरवला, डोळे मिटले, जिभेवर घोळवलं आणि लहान बाळाचं कौतुक करावं तशा सुरात म्हणाले, "सेराफीन यंदा किती गुणी निघाली रे!" आणि ही एवढी मोठी चांदणी काढली. आम्ही गिळलं. मान डोलवली. तेव्हा कुठे मला ते जळकं पातेलं आठवलं, आणि उमगलं की त्या तापाने सासऱ्यांचं नाक नेलंय, आणि नाकाबरोबर चवही.

मार्चातल्या सेंट जोसेफच्या सणाला चांदणीवाली सगळी पिंपं मोठ्या टाकीत रिकामी होतात. एकट्या सेराफीन काकू तिथे शिरल्या की वर्षाची सगळी ग्यूझ कोशिंबिरीवर घालायच्या लायकीची होणार. आणि गावोगावच्या पिणाऱ्यांनी ती चाखली की सासऱ्यांचं नाक गेल्याची बातमी त्यांना परक्याच्या तोंडून कळणार. हे सगळं दिसत असून आम्ही दोघं स्वयंपाकघरात भांडत बसलो. मी म्हणालो, बाप तुझा, तू सांग. ती म्हणाली, ब्रुअरीत काम तू करतोस, तू सांग. शेवटी दोघांनीही नाही सांगितलं आणि एकमेकांशी अबोला धरला, तेवढंच काय ते निष्पन्न झालं.

मी उपाय केले नाहीत असं नाही. ओल्या फडक्याने चांदणी पुसली. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी भिंतीच्या ओलीला शिव्या घालत पहिलीपेक्षा मोठी काढली. मग मी म्हणालो, सेराफीन काकू गळताहेत, बाजूला काढू या. तर म्हणाले, "सायकलवाल्याच्या पोराला जिकडेतिकडे पंक्चरच दिसायचं." (माझ्या वडिलांच्या दुकानाला ते इतकी वर्षं नावं ठेवतात, पण स्वतःची सायकल आजही तिथेच नेतात.) वर शनिवारी शेजारच्या गावचा बँड ब्रुअरी बघायला आला, तर खास पाहुण्यांसाठी म्हणून सासऱ्यांनी कोणतं पिंप उघडावं? सेराफीन काकूंचंच! बँडमास्तरांनी घोट घेतला, त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि ते म्हणाले, हीच खरी जुन्या वळणाची! मग बाकीच्यांची काय हिंमत? ढोलवाल्याने तर दुसऱ्यांदा मागितली. सासऱ्यांची छाती फुगली आणि माझ्याकडे त्यांनी असं बघितलं, की बघ, लोकांना कळतं, तुला कळत नाही. ट्रम्पेटवाल्याला मात्र परत जाताना बसमध्ये ओठ जुळवता येईनात असं कानावर आलं.

हसून सांगतोय खरा, पण आत्या, मला झोप लागत नाही. हा माणूस मला आवडतो. तोंडावर म्हणालो तर खराटा घेऊन मागे लागेल, पण आवडतो. मी या घरात आलो तेव्हा मला बिअर आणि मोहरीचं पाणी यातला फरक कळत नव्हता. रोज जेवणाआधी मला खाली नेऊन, शिव्या घालत घालत, एकेका पिंपाशी उभं करून त्यांनी शिकवलं. त्यांना दुसरं काही येत नाही, आणि दुसरं काही हवंही नाही. आता मीच त्यांना कसं सांगू की हे गेलं? सांगितलं तर ते रागावणार नाहीत, हीच भीती आहे. गप्प होतील, वर येऊन खिडकीपाशी बसतील आणि परत तळघराची पायरी उतरणार नाहीत.

असो. आपली मर्जी राहू द्या, प्रार्थनेत आमची आठवण ठेवा. मठातल्या सर्व भगिनींना नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
ओडिलोन

ता. क. कारण नाही म्हणालो होतो, पण लिहिता लिहिता एक निघालं. तुम्ही सासऱ्यांपेक्षा दीड वर्षाने मोठ्या आहात. म्हणजे तुम्ही तळघरात उभ्या राहिलात तर नियमाने आधी बोलायचं तुम्ही. तुम्ही म्हणायचं, सेराफीन बिघडलीय. त्यांनी गिळून मान डोलवायची. कुणालाही काही कळायला नको. सेंट जोसेफच्या सणाआधी सहज आल्यासारख्या याल का? घरात अजून सगळे म्हणतात की स्त्रोबांतांची सर्वांत चांगली जीभ मठात गेली.

ता. क. दोन. मदर सुपीरियर यांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. आजारी भावाची सेवा असं सांगितलंत तर ते खोटं नाही. बिअर चाखायला जाते असं सांगितलंत तर बहुधा त्याही बरोबर येतील. त्यांनाही खोली देऊ.

ता. क. तीन. लिफाफा चिकटवला होता, फोडून हे लिहितोय. मी बाटल्या धूत होतो तिथे सासरे आले. टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "इर्माला पत्र टाक. लिही, ओडिलोनचं नाक गेलंय, त्याला काही उमजत नाही, तू ये आणि पिंपं बघ. ती मोठी आहे. ती असली की मला आधी बोलावं लागत नाही." मी म्हणालो, पण माझं नाक ठीक आहे. ते म्हणाले, "ठाऊक आहे रे मला." मग एक बाटली उचलून उगाच उजेडात धरली. म्हणाले, "सकाळच्या कॉफीचासुद्धा वास येत नाही. गोदेलिव्हला सांगू नकोस." नाही सांगणार, म्हणालो. मी पुढची बाटली धुवायला घेतली.

तेव्हा आत्या, वर लिहिलेलं सगळं विसरा. नाक माझं गेलं आहे. तुम्ही आलात की सगळ्यांसमोर माझ्या नाकाचा उद्धार करा. असला जावई कुठून शोधून आणलास म्हणून भावाला झापा, माझ्या सात पिढ्या काढा, काही कमी पडू देऊ नका. मी खाली मान घालून ऐकेन. फक्त एवढंच करा, ते हसेपर्यंत मला झापणं थांबवू नका.