चर्चचे चित्र पाण्यात सोडू नये

मी, अवधूत केशव शेलार, वय एकोणपन्नास, राहणार टूनगॅबी, सिडनी, देवाला स्मरून आणि पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवतो. सोमवारी माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. माझ्यावर घरून दबाव आहे. मी त्याच्या उलट लिहीत आहे.

१. घर आणि बचत पत्नी यामिनीची.

२. ड्रिल व हत्यारांची पेटी कन्या स्पृहाला. तिचा खिळा सरळ जातो.

३. देवघरातील डच जलरंगाचे चित्र. त्यात खेड्यातले चर्च, बंद दार आणि मनोऱ्याच्या टोकावर वाऱ्याची दिशा दाखवणारा कोंबडा होता. चर्च शेजारच्या योहानाआजींच्या गावचे; वृद्धाश्रमात जाताना त्यांनी ते चित्र मला दिले. गेल्या गणपतीत मित्र पद्माकर, जो सुट्टीच्या दिवशी भटजीचे काम करतो, त्याने देवांबरोबर चित्रावरही दूर्वेने पाणी शिंपडले. काच नव्हती. कोंबडा ओघळून गेला.

पद्माकर म्हणाला, "आत्मा उडाला. बंद दार म्हणजे देह!"

यामिनी म्हणाली, "भावजी, डाग पडलाय."

तेव्हापासून खंडित देव घरात नको, विसर्जन करा, असा दोघांचा धोशा आहे. माझे हृदय त्यामुळेच बिघडले म्हणतात. डॉक्टर तुपाला दोष देतात. जलरंग पाण्यात सोडला तर चर्चच उरणार नाही, हे कोणी ऐकत नाही.

मी योहानाआजींना फोन करून बंद दाराचा अर्थ विचारला. म्हणाल्या, "किल्ली माझ्या वडिलांकडे असायची. ते जेवायला गेले होते."

आमच्या गावच्या देवळाची किल्लीही गुरवाकडे असे. शाळा सुटली की मी बंद दारालाच नमस्कार करून घरी जाई. देव आत नसेल, अशी शंका कधी आली नाही. म्हणून ते चित्र देवघरात आहे.

सबब, कोंबड्याचे विसर्जन पद्माकरच्याच हातून विधिवत झाले आहे. एकाच देवाचे दोनदा विसर्जन होत नाही. चित्र स्पृहाला. तिने उदबत्ती लावावी, पाणी शिंपडू नये. हे वाचून ती म्हणाली, "बाबा, यू आर नॉट डायिंग. पण काच मी आजच बसवते."

४. साक्षीदाराला काही देता येत नाही, असे वकीलबाई सांगतात. म्हणून पद्माकरला साक्षीदार केले आहे. त्याने नेलेली माझी शिडीही त्याची होत नाही.

टूनगॅबी, १४ मार्च २०२५
सही: अवधूत केशव शेलार

साक्षीदार:
चारुता दामले, शेजारीण
पद्माकर निगुडकर (सही केली. बंद दार म्हणजे देहच. शिडी ऑपरेशननंतर तुझ्याच हातात देईन, दुसऱ्या कोणाच्या नाही.)