सूरच्या सामन्यातली सांदणं

आदरणीय अमीरुन्निसा खाला,

अस्सलामु अलैकुम. इकडे मस्कतला, वादी कबीरमध्ये, आम्ही सगळे मजेत. तुमचे गुडघे कसे आहेत? अम्मीने पाठवलेलं तेल लावता, की कपाटातच ठेवलंय?

आपल्या धाकट्या निदासाठी तुम्ही सांगितलेल्या स्थळाची, म्हणजे इथल्या कॉलेजातले फुटबॉल कोच मुआज यांची, चौकशी करून आले. खाला, असा माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही! रत्नागिरीत खेळताना ऐन विशीत गुडघा गेला, तर रडत न बसता मस्कतला येऊन शाळेत पीटी शिकवू लागले, मग या कॉलेजात लागले. इथली पोरं पूर्वी फोन घेऊन मैदानात उतरायची (गोलकीपरसुद्धा!). त्यांनाच घेऊन हे यंदा सेमीफायनलला पोचले. फायनल गाठली नाही तर टीम बंद आणि कोचला नारळ, असं डीननी आधीच बजावलं होतं.

सामना इथून दोन तासांवर, सूरला होता. तिथला समुद्र दाखवते असं सांगून अम्मीला गाडीत बसवलं. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून मोठा डबाभर सांदणं आणि नारळाचं दूध घेतलं (स्थळ जेवतं कसं ते बघावं, हे तुम्हीच शिकवलंत). मध्यंतराला आपण दोन-शून्यने पुढे. मी डबा कोचपुढे धरला. ते म्हणाले, आधी पोरांना. पोरांनी डबा चाटूनपुसून साफ केला. मग काय विचारता! यल्ला, यल्ला, चला, पळा असं ओरडून कोचचा घसा बसला, पण एक पोर धावेल तर शपथ. आपला सेंटर फॉरवर्ड पोट धरून गोलपोस्टला टेकून उभा. तीन-दोनने हरलो.

डीन तणतणत आले, डबा कुणाचा म्हणून विचारू लागले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. कोच पुढे झाले. "सर, खाना मैंने दिया. गलती मेरी." माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. नंतर डबा स्वतः नळाखाली धुऊन अम्मीच्या हातात दिला, म्हणाले, सांदणं फार छान झाली होती म्हणे, मला मिळाली नाहीत. खाला, माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

तर त्यांचं काँट्रॅक्ट खलास. बिननोकरीचं स्थळ आपल्या निदाला नको. सरळ नकार कळवा.

तुमची भाची,
अंबरीन

ता.क. नकार आजच कळवा. निदाला मी सगळं सांगितलंय, ती हसून हसून बेजार झाली.

आणखी एक ता.क. नकार कळवून झाला की अब्बांना फोन करा, ते फक्त तुमचं ऐकतात. अंबरीनसाठी एक स्थळ आहे म्हणावं (स्थळाला अजून विचारलेलं नाही, तेही तुम्हीच बघा). अब्बा आधी नोकरीचं काढतील. त्यांना सांगा, नोकरी तिला आहेच, असा माणूस मिळत नव्हता.