अर्ध्या तासात चालू होतं

२० सप्टेंबर, शनिवार
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात.
आज जेवताना सासऱ्यांनी जाहीर केलं. सोयाबीनचा हंगाम नीट सांभाळला तर दसऱ्याला आपल्या ट्रॅक्टर-ट्रॉली तोलायच्या वजनकाट्याची किल्ली जावयाकडं. म्हणजे माझ्याकडं. कलबुर्गीचा कॉम्प्युटर क्लास बंद करून संतपूरला आलो, तेव्हापासून गावात मला पंचाक्षरी म्हणून कोणी ओळखत नाही. अमृतप्पाचा जावई, बस्स. किल्ली आली की लोकांना नाव पाठ होईल.
माझी बायको शैलश्री ताटातून वर न बघता म्हणाली, हंगाम होईपर्यंत मशीनला हात लावू नका. बायकांना टेक्नॉलॉजीची भीती असते. समजून घ्यावं लागतं.

२१ सप्टेंबर, अमावस्या
काट्याच्या कॉम्प्युटरवर लिनक्स मीच घातलंय. आज अपडेट आलं, नवीन कर्नल. कर्नल म्हणजे मशीनचा जीव. सासूबाई म्हणाल्या, अवसेला नवं काही करू न्हाई. मुहूर्त न मानणाऱ्या लिंगायत शरणांच्या घरात अवस पाळतात, हे मला पटत नाही. मुद्दाम आजच केलं. जुनं कर्नल पुसून टाकलं, घर कसं स्वच्छ पाहिजे. सुरू होताना पाच सेकंद एक मेनू दिसायचा, तोही बंद केला. हंगामात पाच सेकंद म्हणजे थट्टा आहे का?
तृप्त.

२२ सप्टेंबर, सकाळी
मशीन उठलं नाही. काळा पडदा, कोपऱ्यात चार इंग्रजी अक्षरं आणि लुकलुकणारी रेघ.
घाबरायचं कारण नाही. हा बूटलोडर. कर्नलला झोपेतून उठवणं एवढंच त्याचं काम. त्याच्याकडं जुन्या कर्नलचा पत्ता आहे, आणि जुनं तर मी पुसलं. नव्याचा पत्ता त्याला कोणी दिलाच नाही. मेनू असता तर काही करता आलं असतं, पण त्याबद्दल काल लिहून झालंय.
बाहेर दोन ट्रॅक्टर उभे. सांगितलं, अर्ध्या तासात चालू होतं.

संध्याकाळी
दोन्ही ट्रॅक्टर चौरस्त्यावरच्या काट्याला गेले. सासऱ्यांनी विचारलं. म्हणालो, झालंच.

२३ सप्टेंबर
शैलश्रीची सूचना: वजन तर काट्याच्या डब्यावर लाल आकड्यात दिसतंच, पावती हातानं लिहून देऊ. कल्पना वाईट नाही, पण आडते घेणार नाहीत. गेल्या वर्षी मीच दुकानोदुकानी फिरून बजावलंय की हातची पावती घ्यायची नाही, कॉम्प्युटरचीच घ्या. आता ते कशाला घेतील? माणसं माझं ऐकतात, एवढं तरी यातून सिद्ध झालं.

२४ सप्टेंबर
मोबाईलवर लेख वाचून तेरा आज्ञा टाइप केल्या. मशीन म्हणतं, अशी डिस्क नाही. डिस्क माझ्या समोर आहे. हात लावून बघितली. गरम आहे.
सासऱ्यांनी विचारलं. म्हणालो, झालंच.

२५ सप्टेंबर
मशीन म्हणतं, ही आज्ञा माहीत नाही. तीच आज्ञा काल माहीत होती.
संकल्प: उद्यापासून पहाटे उठून, थंड डोक्यानं.

२६ सप्टेंबर
साडेआठला उठलो.
दुपारी गावातला शेतकरी मारोती आला, ट्रॉली भरून सोयाबीन. आभाळ काळं झालेलं, ताडपत्री अर्ध्याच ट्रॉलीवर. खिडकीशी येऊन म्हणाला, "चालू हाय का न्हाई, येवढं सांगा. नसलं तर चौरस्त्याला जातो." मी म्हणालो, अर्ध्या तासात. तो भला माणूस, इंजिन बंद करून थांबला.
अर्ध्या तासानं अजून अर्धा तास सांगितला. मग पाऊस आला, तोही आडवा. शैलश्री आमच्या गोठ्यावरची ताडपत्री ओढून पळत गेली. दोघं ट्रॉलीवर चढून ओढत होती. मला मशीन सोडून उठता येईना, नेमकी आज्ञा अर्ध्यात होती. माल भिजला.
मारोतीनं भिजलेलं सोयाबीन मुठीत घेऊन बघितलं. ट्रॅक्टर वळवून गेला. हवामान खात्यानं लोकांना नीट कळवायला पाहिजे.


२७ सप्टेंबर
दिवसभरात एकही ट्रॅक्टर नाही. सासरे काट्याजवळ खुर्ची टाकून रस्त्याकडं बघत बसले. आज त्यांनी विचारलंच नाही. मी आपणहून सांगितलं, झालंच.

२८ सप्टेंबर, रविवार
बिदरला जाऊन आलो. तिथं नौबादला रत्नपाल राहतो, क्लासमधला माझा विद्यार्थी. आता त्याचं मोठ्या ऑफिसात काम आहे. त्यानं एक पेनड्राइव्ह तयार करून दिला. यावरून मशीन चालू होतं, मग आतून बूटलोडर दुरुस्त करायचा. म्हणाला, "सर, मीच येऊ का संतपूरला? सकाळी येऊन दुपारला परत." नको म्हणालो. विद्यार्थ्यानं येऊन दुरुस्त केलं तर सासऱ्यांसमोर काय राहतं? घरची वालपापडी मात्र त्याच्या आईनं बळंच पिशवीत घातली.

२९ सप्टेंबर
लाईट नाही. वादळात खांब पडला. माझी चूक नाही, नोंद असावी.

३० सप्टेंबर
लाईट आली. पेनड्राइव्ह लगेच लावता आला असता. पण उद्या खंडेनवमी, परवा दसरा. दसऱ्याच्या मुहूर्तावर सगळ्यांदेखत मशीन उठलं आणि पाठोपाठ किल्ली हातात आली, तर त्याचा परिणाम वेगळा. घाई करण्यात अर्थ नाही. मुहूर्तालाही शास्त्र आहे.
संध्याकाळी सासूबाईंनी परात काढली. ज्याचं त्याचं हत्यार ठिवा म्हणाल्या, उद्या पूजा, उद्या कशालाच हात लावायचा नाही. सासऱ्यांनी काट्याचा मोठा पाना ठेवला. शैलश्रीनं कात्री. विळे, कुऱ्हाड, खुरपी होतीच. मी पेनड्राइव्ह ठेवला, बरोबर मधोमध, आणि म्हणालो, हे माझं हत्यार. सासरे बराच वेळ त्याच्याकडं बघत होते. प्रभाव पडला.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
पूजेआधी हत्यारं धुतात. हे मला माहीत आहे. लहानपणापासून माहीत आहे.
सासूबाईंनी पहाटेच सगळी हत्यारं चिंचेनं घासली आणि हळदीच्या पाण्यात बुडवून काढली. सगळी. वर विभूतीचे पट्टे, कुंकू, झेंडू. पाना चमकतोय. पेनड्राइव्हही चमकतोय. त्याच्या तोंडातून पिवळं पाणी गळतंय.
त्यांना काय बोलणार? आज हात लावायचा नाही. तरी लावला. तांदळाच्या डब्यात ठेवलाय, वाळेल. कंपनी चांगली आहे.
रत्नपालला फोन करावा का? सणाच्या दिवशी बरं दिसत नाही.

२ ऑक्टोबर, दसरा, सकाळी
वाळलाय. लावतो. आज किल्ली.

दुपारी
मशीनला पेनड्राइव्ह दिसत नाही. तोंडात विभूती होती, सुईनं काढली. तरी दिसत नाही. आता फुंकर मारून बघतो.

संध्याकाळी
सासरे सकाळीच आडत्यांकडं बन्नीची पानं, म्हणजे दसऱ्याचं सोनं, द्यायला गेले होते. जाता जाता विचारून आले, मशीन बंद आहे, माझ्या सहीची हातची पावती चालेल का? आडते म्हणाले, अमृतप्पा, तुमची सही असंल तर कागदाच्या चिठोऱ्यावर पण चालंल. दहा दिवस आधी विचारलं असतं तरी हेच म्हणाले असते. त्यांना विचारायचं कोणाला सुचलं नाही, कारण मशीन रोजच होत आलं होतं.
दिवे लागायच्या वेळी सगळे काट्याजवळ जमलो. मी नवा सदरा घातला होता. सासऱ्यांनी किल्ली शैलश्रीच्या हातात दिली. मग मला बन्नी दिली, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "मशीन बिघडलं म्हणून न्हाई, बापू. मशीन बिघडतं. मी रोज इचारलो, तुमी रोज झालंच म्हणलात. मारोतीला बी तेच म्हणलात. काट्यावरच्या माणसानं हाय तेवढंच सांगावं लागतंय."
माझ्याकडं उत्तर होतं. बूटलोडर, कर्नल, लाईट, पाऊस, परात, सगळं क्रमानं सांगता आलं असतं. तोंड उघडलं आणि वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. शैलश्रीनं किल्ली पदराला बांधली आणि माझ्याकडं बघायचं टाळलं.
मशीन बंद आहे.

३ ऑक्टोबर
नवीन जबाबदारी. ट्रॉली काट्यावर सरळ घ्यायची, पुढं, पुढं, बस्स म्हणायचं. सासऱ्यांनी शिट्टी दिली आहे. काम वरवर सोपं वाटतं, पण कोन महत्त्वाचा असतो. सुधारणेला वाव आहे, त्यावर सविस्तर लिहीन.
सासऱ्यांच्या सहीच्या हातच्या पावतीवर आठ ट्रॉल्या झाल्या. दुपारी मारोती आला, राहिलेला माल घेऊन. मी पुढं होऊन शिट्टी वाजवली. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. खिडकीत बसलेल्या शैलश्रीला हाक मारून विचारलं, "अक्का, चालू हाय का?" ती व्हय म्हणाली, तेव्हा त्यानं ट्रॉली काट्यावर घेतली.